आधी गाड्या उभ्या कुठे राहतील ते ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही आर्वीचे, तुमच्याकडे २०१८ ची फोर्ड मस्टँग आहे, आणि नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यातले याच गाडीचे आठ-दहा मालक तुमच्या ओळखीचे झालेत. सगळ्यांनी सहकुटुंब एक दिवस भेटावं, गप्पा व्हाव्यात, जेवण व्हावं, एवढीच इच्छा. डोक्यात चिखलदरा आहे, वीस गाड्यांचा ताफा आहे, ड्रोन आहे, टी-शर्ट आहेत. एका ओळीत 'डीजे' हा शब्दही वाचला. आणि शेवटी विचारलंय, सुरुवात कुठून करू?

मी हिंगणघाटचा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. २०१७ ची मस्टँग सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून अशा सात भेटी जमवल्या. त्यातल्या दोन फसल्या. माझं बहुतेक शहाणपण त्या दोनांतलंच आहे.

सगळे जण तारखेपासून नाहीतर जेवणापासून सुरुवात करतात. तुम्ही गाड्या उभ्या कुठे राहतील इथून करा. तारीख, रस्ता, माणसं किती, जेवण काय, हे सगळं त्यातून ठरत जातं. गाडी पळवायची हौस ज्याची त्यानं समृद्धी महामार्गावर ताशी एकशेवीसच्या मर्यादेत भागवावी. भेटीत करायचं काय, तर चार तास गाड्या शेजारी शेजारी लावून, बोनट उघडून बोलत बसायचं. आणि आपल्या मुलखात ही गाडी चार तास धड उभी राहील अशी जागा शोधणं, हेच निम्म्याहून जास्त काम आहे.

पहिली भेट मी काटोलकडे एका मित्राच्या संत्र्याच्या बगिच्यात ठेवली होती. फेब्रुवारी महिना, झाडं भरलेली, फोटो काय सुंदर आले असते! आदल्या रात्री अवकाळीची एक सर येऊन गेली. सकाळी उन्हानं माती वरून सुकलेली दिसत होती, म्हणून मीच म्हटलं, या आत. काळ्या मातीचं तुम्हाला काय सांगायचं, पण ही गाडी त्या मातीत काय करते ते ऐका. मागच्या चाकांवर चालणारी, ४०१ पीएस ताकदीची, टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर ५१५ न्यूटन मीटर, टायर रुंद आणि रस्त्याचे. खाचा मातीनं भरल्या की चाक साबणासारखं गुळगुळीत होतं. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायचं सोडून खाली जाते. तीन गाड्या बसल्या. ट्रॅक्टर आला, घाईत कोणीतरी दोर पुढच्या सस्पेन्शनला बांधला, आणि एका गाडीचं अलाइनमेंट असं बिघडलं की ती थेट फ्लॅटबेडवर नागपूरला गेली. तो दोर बांधला जाताना मी शेजारीच उभा होतो, म्हणून दोष माझाच. तेव्हापासून नियम केला: टोइंगचा हुक डिकीत आहे की नाही हे प्रत्येकानं घरून निघताना बघायचं, आणि वावरात गाडी घालायचीच नाही. मुरूम टाकून दाबलेली जागा असेल तरच.

पाऊस नसला तरी वावर नकोच. धावून आलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा पोटाखालचा डबा, कित्येकशे अंश तापलेला असतो आणि ही गाडी जमिनीपासून जेमतेम १३७ मिलिमीटर. खाली वाळलेलं गवत, सोयाबीनचं कुटार किंवा कापसाची वाळलेली पऱ्हाटी असली तर ते पेटायला काडी लागत नाही. कापसाच्या जिनिंगचं आवार सिमेंटचं आणि ऐसपैस असतं, म्हणून बऱ्याच जणांना ते सुचतं. पण हिवाळ्यात तिथे कापसाचे ढीग असतात. जिनिंगवाला कितीही जवळचा असो, त्याला हे विचारूसुद्धा नका.

राहिली झाडाची सावली. बाभळीखाली नाही, काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत शिरला तर पंक्चर काढता येत नाही, टायरच जातो. चिंचेखाली, वडाखाली पाखरांची विष्ठा. एकूण सावलीचा मोह सोडा, तोंड उत्तरेला करून लावा आणि समोरच्या काचेला पडदा लावा.

मग जागा कोणती? माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे: लग्नाचं लॉन, तेही पौषात. पौषात आपल्याकडे लग्नं नसतात, त्यामुळे लॉनवाला रिकामा असतो आणि भावही ऐकतो. पार्किंगला फरशी किंवा पेव्हर असतात, पाणी असतं, आचाऱ्याला जागा असते, आणि बायकांसाठी नीट संडास-बाथरूम असतं. शेवटची गोष्ट मी स्वतः दुसऱ्या भेटीनंतर शिकलो. पहिल्या भेटीला आलेली एकही वहिनी दुसऱ्या भेटीला आली नाही, तेव्हा घरच्या मालकिणीनं कारण सांगितलं. रविवारी बंद असेल तर बाजार समितीचं आवारही चालतं, सचिवांना आधी भेटून लेखी घ्यावं लागतं एवढंच. पण लॉनची सर नाही.

आता त्या जागेपर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर. हायवेवर कोणाची गाडी कधी अडकली नाही, अडकते ती गावात वळल्यावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून आपली गाडी हळू चालवली तर सहज जाते. पण गावातला ब्रेकर म्हणजे कोणाच्या तरी घरासमोर अपघात झाला, दुसऱ्या दिवशी पोरांनी सिमेंट टाकलं, झाला ब्रेकर. अरुंद आणि उंच. नजरेनं अंदाज येत नाही.

यासाठी मी एक सांगाडा बनवला आहे. सरळ, न वाकणारा बांबू घ्यायचा, आपल्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराएवढा, म्हणजे २,७२० मिलिमीटर. दोन्ही टोकांना १३ सेंटिमीटरचे लाकडी पाय ठोकायचे. दोन माणसांनी तो धरून प्रत्येक ब्रेकरवरून, पुलाच्या उंचवट्यावरून न्यायचा. बांबू मधे टेकला तर गाडीचं पोट टेकणार. लोक हसतात. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "काहून बा, रस्त्याची मयत काढून राहिले का?" हसू द्या. एका सकाळीत सगळा रस्ता कळतो. सांगाडा पोटाचं सांगतो, नाकाचं सांगत नाही, तेवढं लक्षात ठेवा. रस्ता सोडून लॉनच्या फाटकात चढताना पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासतो, त्यासाठी सागाच्या दोन फळ्या सोबत हव्यात. आणि अवघड ब्रेकर आला की बाकीच्यांनी खाली उतरायचं. चौघं बसलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा चांगलीच खाली बसते.

रस्ता पंधरा दिवस आधी पाहा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहा. दुसऱ्यांदा न पाहिल्यामुळे माझी दुसरी भेट फसली. लॉनवाल्यानं आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं, "रस्ता एक नंबर आहे भाऊ." होता तसा. फक्त त्याच दिवशी दुपारी नळाच्या पाइपासाठी आडवी नाली खोदून वर सैल मुरूम ओढला होता, आणि हे सांगावं असं त्याला वाटलं नाही, कारण त्याची बोलेरो त्यावरून गेली होती. पहिल्याच गाडीचं पुढचं चाक आत गेलं. त्या दिवशी पाटवडी-रस्सा रस्त्याच्या कडेला उभ्यानं खाल्ला.

तारखेचं म्हणाल तर पौषातला रविवार, पण रस्त्यातल्या प्रत्येक गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो ते आधी विचारा. रविवारचा बाजार असलेलं एक गाव मधे आलं की पाऊण तास गेला, आणि त्या गर्दीत एक मीटर नव्वदहून जास्त रुंद गाडी घालणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या आरशांना नमस्कार. सकाळी आठच्या आधी कोणालाही निघायला लावू नका. त्या दिवसांत पहाटे धुकं असतं, रोही (नीलगायी) आणि रानडुकरं रस्ता ओलांडत असतात. परतीची वेळ अशी ठेवा की अंधाराआधी सगळे घरी पोचतील. कापसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेल अशी अपेक्षा करू नका. गावरस्त्यावर कोणी तूर वाळत घातलेली असते, ती तुडवत जाऊ नका, थांबून हात दाखवा, माणसं बाजूला करून देतात. आणि बैलजोडी दिसली की गाडी न्यूट्रलमधे येऊ द्या. आपल्या व्ही-एट इंजिनाचा आवाज मागून आला की बैल बुजतात, आणि बंडीवरचा माणूस खाली पडला तर ती भेट कोणाला आठवावीशी वाटणार नाही.

तुमच्याकडून समृद्धीला विरूळची चढ-उतार आहे, वर्ध्याकडून येळाकेळी, पलीकडे धामणगाव. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर सलग झाले, त्यामुळे आता संभाजीनगर, नाशिकचे दोघे-तिघेही सहज येतात. म्हणून लॉन अशा एखाद्या इंटरचेंजपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत शोधा. वीस गाड्यांच्या ताफ्याचा विचार मात्र सोडा. ताफ्यात मागचा माणूस पुढच्याला गाठायला धावतो, आणि व्हिडिओ काढणारा तर कुठेच बघत नसतो. तीन-तीन, चार-चार गाड्या, दहा मिनिटांच्या अंतरानं. सर्वांत पुढे जो सगळ्यांत हळू चालवतो तो. सर्वांत मागे एक साधी उंच गाडी, तिच्यात फळ्या, हवा भरायचा पंप, जॅक, पाणी. या गाडीत पूर्ण मापाची स्टेपनी नाही हे विसरू नका.

चिखलदरा? जागेवर माझं प्रेम आहे, पण पहिल्या भेटीला नको. परतवाड्याहून वर जाणारा घाट अरुंद आहे, सुटीच्या दिवशी गर्दी असते, वर एकत्र उभं राहायला सपाट जागा मिळेलच याचा भरवसा नाही, आणि तो सगळा मेळघाटचा जंगलपट्टा आहे. तिथे ड्रोन आणि एक्झॉस्टचा आवाज दोन्ही नकोत. आधी दोन भेटी खाली सपाट मुलखात करा, कोण कसा चालवतो ते कळू द्या, मग चौघं-पाचजण आडवारी जा.

कायद्याचं थोडक्यात. खासगी जागेत जेवायला जमायचं असेल तर फार काही लागत नाही, पण चार-पाच दिवस आधी ठाण्यात एक पत्र द्या: किती गाड्या, कोणता रस्ता, किती वाजता, 'स्नेहभोजन'. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदीचा आदेश चालू आहे का, आचारसंहिता आहे का, ते तिथेच कळतं. बॅनरवर, निमंत्रणात, कुठेही 'रॅली', 'रेस', 'ड्रॅग' हे शब्द नकोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका विम्याचा. पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नाही. नुसतं हौसेनं 'रॅली' छापलेलं पत्रक उद्या सर्व्हेअरच्या हातात पडलं तर तुम्ही जेवायला चालला होता हे सिद्ध करत बसाल.

डीजे नाही. स्टेज नाही. प्रायोजक नाही. प्रायोजक आला की बॅनर येतो, बॅनर आला की त्यावर कोणाचा फोटो हा प्रश्न येतो, आणि ज्याचा फोटो आहे तो भाषणाला येतो. खर्च गाड्यांच्या संख्येनं भागायचा, आदल्या दिवशी पैसे गोळा करायचे. टी-शर्ट करायचे तर करा, माझ्या कपाटात चार पडून आहेत. आणि दारूचा विषय निघालाच तर लॉन आपल्या वर्धा जिल्ह्यातच ठेवा. जिल्ह्यात बंदी आहे एवढं एक वाक्य पुरतं, कोणाला वाईट वाटत नाही.

आता त्या चार तासांत करायचं काय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ही गाडी भारतात २०१६ मधे आली, आणि सप्टेंबर २०२१ मधे फोर्डनं इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. मस्टँग तशीही बाहेरूनच तयार होऊन यायची, पण तेव्हापासून सुटे भाग मिळवणं हा आपला जोडधंदा झाला आहे. म्हणून आम्ही एक वही ठेवतो, साधी दोनशे पानी. प्रत्येकानं वर्षभरात कोणता भाग बदलला, त्याचा नंबर, कुठून मागवला, किती दिवस लागले, किती पैसे, आणि तो नीट बसला का. ब्रेक पॅड, फिल्टर, वायपर, हेडलाइट, सेन्सर. दोघांना एकच भाग हवा असेल तर तिथेच ठरतं की एकत्र मागवायचा, भाडं निम्मं होतं. कोणाकडे चांगला स्कॅनर आहे, कोणता मिस्त्री हात लावतो आणि कोणता नुसता फोटो काढून घेतो, हेही त्यात आहे. ती वही नसती तर माझी गाडी आज कदाचित गोठ्यात उभी असती.

दुसरं काम टायरचं. आपल्या गाड्या फार फिरत नाहीत, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. जमलेल्या प्रत्येक गाडीचे चारही टायर एकमेकांनी वाचायचे, मालकानं स्वतःचे नाही. मालक स्वतःच्या टायरला माफ करतो. मागच्या भेटीत सहा गाड्यांतल्या दोन जणांना मी म्हटलं, याच टायरवर मे महिन्यात समृद्धीला जाऊ नका, ४५ अंशात तापलेल्या सिमेंटवर ते कधी फुटतील सांगता येत नाही. एकानं बदलले. दुसरा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. हवा सकाळी थंड टायरमधे तपासायची. पाच-सहा अंश तापमान वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी बारा अंश आणि दुपारी तीस, म्हणजे तीनचा फरक, आणि धावल्यावर आणखी वाढतो तो वेगळा. दुपारी जास्त दिसतेय म्हणून कोणी हवा सोडत असेल तर हात धरा.

पेट्रोलवर वाद होतो, होऊ द्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच मिळतं आणि आपली गाडी त्याच्या आधीची. माझं मत एवढंच की इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून खप कमी असलेल्या आडगावच्या पंपावर भरू नका आणि अर्ध्या टाकीवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. भेटीला येताना वर्धा, नागपूर, अमरावतीच्या चालत्या पंपावर टाकी भरून यायचं. साठ लिटरच्या आसपासची टाकी आहे, जाऊन-येऊन पुरते. आणि उंदरांचा विषय निघेलच. सरकीचं गोदाम शेजारी असलेल्या एका मित्राचं वायरिंग दोनदा खाल्लं. तो आता रोज रात्री बोनट थोडं उघडं ठेवून आत दिवा लावतो. आमच्यात त्याला पुजारी म्हणतात.

जेवण म्हणजे पानगे. लॉनच्या मागच्या बाजूला गोवऱ्यांवर भाजलेले, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप, सोबत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, नाहीतर राख सगळ्या बोनटांवर बसते आणि कोणीतरी ती कोरड्या फडक्यानं पुसून रंगावर ओरखडे काढतो. तूर आणि वांगी त्याच गावातून घ्या, आचारीही तिथलाच पाहा.

गावातली माणसं येणारच. पोट्टे तर आपल्या आधी हजर असतात. एक गाडी ठरवून ठेवा, जिच्यात पोरांना बसू द्यायचं, फोटो काढू द्यायचे. ती माझी असते, आधीच ओरखडे असलेली. बाकीच्यांना मग कोणी हात लावत नाही. "अ‍ॅव्हरेज किती देते?" याचं खरं उत्तर द्या. हायवेला आठ-नऊ, गावात पाचच्याही खाली. "एवढ्या पैशात किती वावर आलं असतं?" हाही प्रश्न येतो, आणि ज्या वर्षी कापसाला भाव नसतो त्या वर्षी तो गमतीत विचारलेला नसतो. तेव्हा किमतीवर बोलू नका, इंजिन चालू करून गुरगुरायला लावू नका. बाज टाका, चहा द्या, त्यांच्या ट्रॅक्टरचं विचारा.

पहिल्या भेटीला सहा गाड्या पुष्कळ झाल्या. बांबूचा सांगाडा माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, येऊन घेऊन जा. फक्त परत आणून द्या. हा तिसरा आहे. पहिले दोन नेले त्यांच्याकडे आता वेल चढलेत म्हणे.